पाइपचा सीलिंग दोरा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

भिंतीतल्या अर्धा इंची नळाचं तोंड बरोबर खालीच यायला हवं. गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळतात त्या टेफ्लॉन टेपचा सगळा वैताग इथे आहे. तोंड किंचित पुढे गेलं म्हणून नळ जरा उलटा फिरवला, की दबलेली टेप परत फुगत नाही, आट्यांतून पाण्याला वाट मिळते आणि टाइलवर ओल दिसू लागते. मग नळ काढा, टेप खरवडा, पुन्हा गुंडाळा. टेपऐवजी आट्यांवर गुंडाळायचा हा डबीतला सीलिंग दोरा आणला तो केवळ यासाठी: बसवल्यावर साधारण 45 अंश उलटा फिरवला तरी चालतो.

तरीही पहिले दोन नळ ठिबकले. पैसे पाण्यात गेले असंच वाटलं, पण दोष दोऱ्याचा नव्हता. पितळी नळाचे आटे गुळगुळीत असतात, त्यावर दोरा धरत नाही. आवळताना गोळा होऊन मागे सरकतो. हॅक्सॉ ब्लेडने आटे आडवे खरवडले, टोकाच्या आट्यापासून सुरुवात करून आवळण्याच्याच दिशेने सात-आठ वेढे दिले, तेव्हा थेंब थांबला. वेढे टेपसारखे खाचेत नीट बसवायचे नाहीत, एकमेकांवरून तिरपे जायला हवेत.

नळच जास्त का गळतात? जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपचे आटे टोकाकडे 16 ला 1 या प्रमाणात निमुळते असतात, त्यामुळे धातूच धातूत घट्ट बसतो. बऱ्याच नळांचे आटे मात्र समांतर असतात; तिथे सगळी भिस्त भरलेल्या मालावर. म्हणून जीआय निपल (दोन्ही टोकांना आटे असलेला छोटा पाइप) आणि एल्बोला (काटकोनी जोड) टेपच पुरे: 0.075 मिमी जाडीची असेल तर आठ-दहा वेढे. तिथे दोरा वापरणं उधळपट्टी.

सीपीव्हीसीच्या (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाइपच्या) नुसत्या प्लास्टिक आट्यांत जास्त वेढे देऊन पान्याने आवळू नका, फिटिंग तडकतं. पितळी आट्यांचंच घ्या. ताग-सफेदाही, म्हणजे तागाचे धागे आणि त्यावर पांढरा लेप, टिकाऊ, पण जुना अस्सल सफेदा म्हणजे शिशाचा विषारी क्षार. पिण्याच्या पाण्याच्या लाइनला कधीच नको.

दोऱ्याची डबी टेपच्या कित्येक पट महाग पडते. पण अर्धा इंची जॉइंटला अर्ध्या मीटरहून थोडा जास्त दोरा लागतो, म्हणजे 50 मीटरमध्ये नव्वदेक जॉइंट. झाकणातलं पातं मात्र चौथ्या महिन्यातच बोथट झालं, आता दोरा ब्लेडनेच कापावा लागतो. गिझरचा जॉइंट गेल्या आठवड्यात उघडला, तर पाण्याच्या बाजूचे दोन आटे ओले आणि पुढचे कोरडे होते. उरलेला दोरा तारेच्या ब्रशने मिनिटभरात निघाला.