सनबोर्डची चाळ: आठ महिने झाले, खिडक्यांचं दुखणं चालूच

परवा धूळ पुसायला मी केलेलं चाळीचं छोटं मॉडेल शोकेसमधून काढलं आणि दुसऱ्या मजल्यावरची खिडकी टपकन हातात आली, म्हणून हे लिहायला बसलो, नाहीतर आपण काही लिहिणाऱ्यातले नाही.

गिरगावात असतात तशी चाळ, तळमजला अधिक दोन, पुढे लाकडी गॅलरी, वर मंगलोरी कौलं. स्केल एचओ, म्हणजे मॉडेल रेल्वेचं १:८७ माप (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं), माझ्या खेळण्यातल्या रेल्वेच्या लेआउटच्या मागच्या कडेसाठी केलेली. किटबिट नाही, सगळं हाताने. आता एका चाळीसाठी सनबोर्डची, म्हणजे जाहिरातीचे बोर्ड करतात त्या पीव्हीसी फोमची, आठ बाय चार फुटी अख्खी शीट कोण घेणार, म्हणून फ्लेक्सवाल्याकडून ३ मिमीचे कटपीस उचलले, फुकट. त्यावर कुठल्यातरी भाऊंच्या वाढदिवसाची प्रिंट होती. म्हटलं ती बाजू आत जाईल, कोण बघतंय.

जाडीचं मात्र मस्त जमलं. ३ मिमी गुणिले ८७ म्हणजे २६१ मिमी, म्हणजे नऊ इंची विटेची भिंत प्लास्टरसकट. या स्केलला एक फूट म्हणजे साडेतीन मिमी, दहा फुटी मजला ३५ मिमी. एवढं पाठ असलं की पट्टी आणि कटर पुरे. गॅलरीच्या कठड्याला आधी टूथपिक लावल्या आणि लांबून बघितलं तर विजेचे खांब रोवल्यासारखे दिसत होते, कारण २ मिमीची काडी म्हणजे खऱ्यात जवळजवळ सात इंच! सगळ्या उपटल्या आणि खराट्याच्या हिरांची बारीक टोकं लावली. ती अजून जागेवर आहेत.

सनबोर्डला पहिल्या आठवड्यात मी भरपूर शिव्या घातल्या. सुतारीचा पांढरा गोंद लावून भिंती रात्रभर दाबून ठेवल्या, सकाळी चारही भिंती चार दिशांना. पीव्हीसी पाणी पीतच नाही तर तो गोंद धरणार कशाला? मग बारा रुपयेवाली इन्स्टंट ग्लूची ट्यूब आणली आणि दहा सेकंदात भिंत अशी बसली की वाकडी बसलीये हे कळेपर्यंत उशीर झाला. भिंती झाल्या म्हणून त्याच झोकात खिडक्यांच्या काचापण, म्हणजे ओएचपी शीटचे (प्रोजेक्टरच्या पारदर्शक प्लास्टिकचे) तुकडे, त्याच ग्लूने चिकटवल्या. चोवीस खिडक्या. दोन रविवार.

सकाळी बघतो तर सगळ्या काचा पांढऱ्या, मोतीबिंदू झाल्यासारख्या. दुकानात गेलो तर म्हणे शीट हलकी असेल, ही भारीतली घ्या. घेतली. परत पांढऱ्या! पुन्हा गेलो तर वर मलाच विचारतो, नीट पुसली होती का. शीटचा काही संबंध नव्हता हो. त्या ग्लूची वाफ निघते, ती आजूबाजूच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसून पांढरा थर धरते, हवा दमट असली की जास्तच, आणि मी तर चाळीला छप्पर घालून, सगळं बंद करून ठेवलेलं. दोन शीटचे पैसे गेले ते गेलेच. एवढं साधं दुकानदाराला माहीत नसावं?

उपाय काय निघाला तर तोच पांढरा गोंद, ज्याला मी शिव्या घातल्या होत्या. वाळला की पारदर्शक होतो, वाफ नाही काही नाही, काचेला वजन नसतं त्यामुळे तेवढी पकड पुरते. फक्त चौकटीची कड पॉलिशपेपरने खरबरीत करून घ्यायची. परवा पडलेली खिडकी मी आळसाने न घासता लावलेली, तो दोष माझा. वरच्या दोन्ही मजल्यांच्या काचा बदलल्या. तळमजल्याच्या तशाच पांढऱ्या ठेवल्या आणि बाहेर पिठाच्या गिरणीची पाटी लावली.

सनबोर्डबद्दल मत बदललं ते या पावसाळ्यात. छपराचा पाया माउंटबोर्डचा, म्हणजे जाड पुठ्ठ्याचा होता, एक कौल साधारण पावणेपाच बाय तीन मिमी, अशा कागदी पट्ट्यांच्या रांगा लावून केलेलं, आणि जुलैत ते भाजलेल्या पापडासारखं वळलं. भिंती जशाच्या तशा. ओल नाही, फुगणं नाही. आता छप्परही सनबोर्डचंच करतोय. एकच तक्रार, कापलेली कड स्पंजसारखी दिसते, पुट्टी भरून घासावी लागते, त्याला पर्याय नाही.

आणि हो, आत एलईडी टाकणार असाल तर आधी आतून काळा रंग मारा, पांढऱ्या सनबोर्डमधून उजेड झिरपतो, भिंतच पेटल्यासारखी दिसते. मी मारला नव्हता. काचा पांढऱ्या होत्या तोवर काही कळलं नाही. नव्या स्वच्छ काचा लावून दिवा पेटवला आणि पहिल्या मजल्यावरच्या चौथ्या खोलीतून भाऊंचा अर्धा गॉगल आणि मिशी बाहेर बघत होती. बायको हसून हसून खाली बसली. रंगाचा ब्रश आता आत जात नाही, म्हणून जुन्या पंचाचा तुकडा कापून पडदा लावलाय, तर तोही ८७ पट म्हणजे घोंगडी वाळत घातल्यासारखा दिसतोय.