१९४७ : दोन राज्ये की एक संघराज्य?

पॅलेस्टाईनसाठी संयुक्त राष्ट्रांच्या ११ सदस्यांच्या समितीपुढे दोन वाटा होत्या. सात जणांनी ज्यू आणि अरब अशा दोन राज्यांत फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने संघराज्य.

कागदावर संघराज्य जास्त देखणं. एकच देश, दोन घटक, राजधानी जेरुसलेम. फाळणीच्या जखमा ताज्या असलेल्या भारताला ते पटलं यात नवल नाही. पण संरक्षण आणि स्थलांतर केंद्राच्या हाती राहणार होतं, आणि माझ्या मते घोडं तिथेच पेंड खातं. त्याच वर्षी 'एक्सोडस' जहाजातून पॅलेस्टाईनला निघालेल्या सुमारे ४,५०० ज्यू निर्वासितांना, तेव्हा तिथे सत्ता असलेल्या ब्रिटिशांनी परत पाठवलं, तेही शेवटी जर्मनीत! दाराची किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होतं, ते हॅम्बुर्गच्या धक्क्यावर दिसलं.

फाळणी कुरूपच होती. युद्ध झालं, सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले. हे नाकारून इस्रायलची बाजू मांडता येत नाही. तरी १५ मे १९४८ ला शेजारी सैन्यं चालून आली, तेव्हा नव्या राज्याकडे निदान स्वतःची फौज होती.

रायगडातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायली ज्यू, इस्रायलला छळामुळे गेले नाहीत. त्यांना कोकणात कुणी हाकललं नव्हतं. युरोपातल्या ज्यूंना ही चैन नव्हती.