गाजलेलं गिमिक टिकतं का? फॅनडँगो आणि ऑरेंज कॅसिडी

जालंधरला खलीच्या अकादमीत जाऊन प्रो-रेसलिंग शिकायचं आणि एखादं आगळं गिमिक, म्हणजे रेसलरने ठरवून घेतलेलं सोंग, घेऊन रिंगमध्ये उतरायचं मनात असेल, तर आधी दोन कारकिर्दी शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघांचीही गाठ ख्रिस जेरिको या बड्या, मुरलेल्या रेसलरशी पडली, त्यामुळे मोजायला पट्टी एकच मिळते.

फॅनडँगो म्हणजे झगमगत्या कपड्यांतला बॉलरूम डान्सर. 7 एप्रिल 2013 ला, डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीच्या रेसलमेनिया 29 या वर्षातल्या सर्वात मोठ्या शोमध्ये, या रूपातल्या पहिल्याच मॅचमध्ये त्याने जेरिकोला हरवलं. दुसऱ्या रात्री न्यू जर्सीत रॉ या त्यांच्या साप्ताहिक शोच्या प्रेक्षकांनी त्याच्या एन्ट्रीची धून तोंडाने गायला घेतली आणि ती थांबेचना. ते गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतही शिरलं. पण लोकांना आवडलं ते सगळं घंटा वाजण्याआधीचं. घंटा वाजली की उरायचा एक चांगला, पण चारचौघांसारखा रेसलर. त्यात जूनमध्ये डोक्याला मार बसला, इंटरकॉन्टिनेंटल बेल्टच्या, म्हणजे किताबाच्या, मॅचमधली त्याची जागा कर्टिस ॲक्सलला मिळाली आणि ॲक्सल ती जिंकलाही. नशीब आडवं आलं हे खरंच. तरी तो तंदुरुस्त राहिला असता, तरी त्या धुनेवर फार तर वर्ष निघालं असतं, असं मला वाटतं. 2020 मध्ये टायलर ब्रीझबरोबर एनएक्सटी या कंपनीच्याच धाकट्या शोचे टॅग, म्हणजे जोडीचे, बेल्ट मिळाले, 2021 मध्ये कंपनीने त्याला मोकळं केलं.

ऑरेंज कॅसिडीचं गिमिक ऐकायला याहून हलकं: गॉगल, जीन्स, खिशात हात आणि कमालीचा आळस. फरक इतकाच, की त्याचा आळस मॅचच्या आत चालतो. खिशातले हात बाहेर कधी येणार, याची वाट बघायला लागतो आपण. आणि ते आले की कळतं, पंधराएक वर्षं छोट्या संघटनांत घासलेला गडी आहे. एईडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत तो 2020 च्या जुलैत जेरिकोकडून हरला, ऑगस्टमध्ये जिंकला, सप्टेंबरमध्ये ऑल आऊट या मोठ्या शोला पुन्हा जिंकला. ऑक्टोबर 2022 मध्ये पॅक या रेसलरकडून ऑल-अटलांटिक बेल्ट घेतला आणि 326 दिवस राखला. जवळजवळ दर आठवड्याला नवा प्रतिस्पर्धी, अंग दिवसेंदिवस ठेचलेलं, तरी हात खिशात घालायचा हट्ट तसाच. जॉन मॉक्सलीने 3 सप्टेंबर 2023 ला त्याला रक्तबंबाळ करून तो बेल्ट काढला, तेव्हा गमतीची गोष्ट कधीच संपलेली होती.

खलीला 2007 मध्ये वर्ल्ड हेवीवेट बेल्ट मिळाला, पण दोनेक महिन्यांत गेला, आणि पुढे त्याला नाचायला नि प्रेक्षकांतल्या बायकांचे मुके घ्यायला लावलं. उंची बघून झाली, की पुढे दाखवायला काही ठेवलंच नव्हतं त्याच्यासाठी. उलट मेलेल्या माणसाचं भयाण सोंग घेतलेला अंडरटेकर 1990 पासून 2020 पर्यंत टिकला. मध्ये काही वर्षं तो मोटारसायकलवरून यायचा, तरी अंडरटेकरच राहिला.

म्हणून मी असेन तर कॅसिडीच्या वाटेने जाईन. तुमच्या डोक्यात जे गिमिक आहे, ते घेऊन सरावाला पंधरा मिनिटं लढून बघा. गाणं लावू नका, कपडेही साधेच घाला. कडेला बसलेल्या पोरांना तुम्ही कोण आहात ते तरीही कळलं, तर तेच घ्या.