‘ब्लॅक पिरान्हा’ म्हणून मला रूपचंद विकला

चाळीसगावात माझ्या घरी नऊ वर्षांपासून फिश टँक आहे. गप्पी, मग एंजल, मग ऑस्कर असं करत शिकलो. म्हणजे मी नवखा नव्हतो. तरीही अठरा हजारांना फसलो, आणि आपल्या भागात आणखी कोणी फसू नये म्हणून हे लिहितोय.

दिवाळीनंतर व्हॉट्सअॅपवर एका विक्रेत्याचा फोटो आला. काळाकुट्ट मासा, लालभडक डोळे. खाली ‘ब्लॅक पिरान्हा, फक्त चार नग’. पिरान्हा म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांतला धारदार दातांचा मासा. फोन लावला तर माणूस गोड बोलणारा. ‘दादा, अख्ख्या खान्देशात हा मासा कोणाकडे नाही. टाकीत हात घातला तर बोट गेलंच समजा.’ एका नगाचे साडेचार हजार. मी चारही घेतले, पैसे आधी पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, हा माल बिलावर येत नाही. तिथेच थांबायला हवं होतं. परदेशी मासा रीतसर आणायचा तर सरकारी परवाना आणि क्वारंटाइन लागतं, कागद असतातच.

ट्रॅव्हल्सच्या गाडीने थर्माकोलचा खोका आला. आत ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत दोन-दोन इंचांचे मासे. चंदेरी अंग, पोट तांबूस, अंगावर काळे ठिपके. फोन केला तेव्हा उत्तर तयार होतं, ‘पिल्लं आहेत दादा, वाढली की काळी पडतील.’

यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते गळी उतरतं. खरा ब्लॅक पिरान्हा, म्हणजे सेरासाल्मस ऱ्होम्बियस, लहानपणी चंदेरी आणि ठिपक्यांचाच असतो. वयाबरोबर गडद होतो. लाल पोटाच्या पिरान्हाच्या पिल्लांवरही ठिपके असतात. एवढ्याशा माशाची जात नुसत्या रंगावरून सांगणं कठीण.

स्वभावावरून मात्र मला कळायला हवं होतं. ब्लॅक पिरान्हा एकटा राहणारा मासा. एका टाकीत दोन सोडले तर आधी एकमेकांचे पर कुरतडतात, मग एकच उरतो. आणि हा विक्रेता स्वतःच सांगत होता, ‘चारही एकत्र सोडा, टोळीने राहतात.’ टोळीने राहतो तो लाल पोटाचा, पायगोसेंट्रस नॅटेरेरी. ती टोळीही शिकारीसाठी असते असा आपला समज. अॅमेझॉनमध्ये अभ्यास करणाऱ्यांना दिसलं ते उलट: सुसरीसारखे केमन, नदीतले डॉल्फिन आणि पाणपक्षी यांच्या भीतीने हे मासे एकमेकांना धरून राहतात. टाकीतही तो बुजरा असतो, दिवा लावला की लाकडामागे लपतो. १९१३-१४ साली ब्राझीलला गेलेल्या थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला जगातला सर्वांत क्रूर मासा म्हटलं. ती दहशत अजून विकली जाते, आणि मीही तीच विकत घेतली.

माझे चौघे भांडतही नव्हते, लपतही नव्हते. माणूस दिसला की काचेशी यायचे. काकडीची सालं फस्त करायचे. पिरान्हाही अधूनमधून बिया-पाला खातो असं वाचलं होतं, त्यावर मी मनाची समजूत घातली. एप्रिलपर्यंत ते वीतभर झाले. ब्लॅक पिरान्हा फार सावकाश वाढतो हेही मला माहीत होतं, पण एवढे पैसे गेल्यावर माणूस शंका घ्यायला तयार नसतो. बाहेर चव्वेचाळीस अंश. मी टाकीत बर्फाच्या बाटल्या सोडत होतो, एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवला होता. मे महिन्यात आम्ही लग्नाला गेलो त्या दिवशी वीज गेली, इन्व्हर्टर संपला आणि एक मासा गेला.

तो मेलेला मासा घेऊन मी मासळी बाजारात गेलो. तिथल्या मावशींनी हातात घेतला न घेतला तोच म्हटलं, ‘दादा, हाऊ तं रूपचंद शे!’ आणि पाटीतला आपला मासा उचलून त्याचा जबडा उघडून दाखवला. माणसाच्या दाढांसारखे चौकोनी, चपटे दात. माझ्या माशाचे ओठ बाजूला केले, तेच दात. खूप वाईट वाटलं. आपल्याकडे तळ्यांत वाढवून किलोवर विकतात तो रूपचंद म्हणजे पाकू. तोही मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पिरान्हाचा भाऊबंद, पण फळं-बिया फोडून खाणारा. दोन-अडीच फुटांपर्यंत वाढतो. चार फुटी टाकीत त्याचे हालच.

पैसे देण्याआधी तोंडाचा जवळून काढलेला व्हिडिओ मागा. पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला असतो, दात एका ओळीत, त्रिकोणी, वरचे-खालचे कात्रीसारखे बसणारे. मोठी नावं ऐकून भुलू नका. ‘कारिबा’ ओरिनोको खोऱ्यातला, कल्ल्यामागे काळा डाग असलेला. ‘पिराया’ ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को नदीतला. कोणी दोन इंचाचा पिराया चार-पाच हजारांत देत असेल तर फोन ठेवून द्या.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे गेले ते खातं तिसऱ्याच माणसाच्या नावाचं निघालं. विक्रेत्याचा नंबर बंद. अजून एक रुपया परत आलेला नाही.

उरलेले तीन गिरणा नदीत सोडून दे, असं दोघातिघांनी सांगितलं. मी सोडले नाहीत. बाहेरचा मासा नदीत रुजला की परत काढता येत नाही, आणि गिरणेतल्या माशांनी माझं काही बिघडवलेलं नाही. मामांच्या मळ्यात प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे, नाल्याला न जोडलेलं. तिघं तिथे आहेत. माल भरताना बाजूला पडलेली केळी मामा सोलून पाण्यात टाकतात, तेव्हा तिघंही वर येतात.