पेनसिल्व्हेनियाच्या रानातील हरणासाठी टिक्का टी३एक्स लाइट आणि ७ एमएम-०८ काडतूस

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे हरणासाठी रायफल निवडण्याचा प्रश्न मराठी माणसापुढे बहुधा परदेशात स्थायिक झाल्यावरच येतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी रायफलचा हंगाम सुरू होतो आणि त्याआधीचे काही आठवडे बंदुकांच्या दुकानांत नवख्यांची रीघ लागते. त्या गर्दीत काउंटरवरून मिळणारा सल्ला बहुधा एकच असतो: मोठे काडतूस घ्या, म्हणजे चिंता नाही. टिक्का टी३एक्स लाइट रायफल आणि ७ एमएम-०८ काडतूस यांच्या या परीक्षणाचा रोख नेमका त्या सल्ल्याच्या विरोधात आहे.

येथील पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा प्रौढ नर साधारण साठ-पासष्ट किलोचा असतो आणि हृदय व फुप्फुसे यांचा वेध घेण्याजोगा भाग आठ-दहा इंच व्यासाचा असतो. ओकच्या दाट झाडीत आणि टेकड्यांच्या उतारांवर बहुतेक बार शंभर-दीडशे यार्डांच्या आतच काढावे लागतात. हरणासाठी गोळीत लक्ष्यापाशी किमान एक हजार फूट-पौंड ऊर्जा असावी, असे एक ढोबळ मानक शिकारी मानतात. ७ एमएम-०८ची १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅमची गोळी तीनशे यार्डांवरही त्या मानकाच्या बरीच वर राहते. .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखे काडतूस घेऊन या अंतरावर हाती काही जास्त लागत नाही. सारख्या वजनाच्या रायफलीतून त्याचा खांद्याला बसणारा धक्का मात्र ७ एमएम-०८च्या जवळपास दुप्पट असतो. धक्क्याची धास्ती बसलेला माणूस चाप ओढण्याच्या क्षणी अंग आखडतो, डोळे मिटतो आणि गोळी फुप्फुसांऐवजी पोटात जाते. जखमी हरणाचा माग काढण्याची वेळ बहुतांशी अशाच नेमामुळे येते.

रेमिंग्टन कंपनीने १९८० साली बाजारात आणलेले ७ एमएम-०८ काडतूस मुळात .३०८ विंचेस्टरचेच आहे; त्याची मान, म्हणजे गोळी धरणारा पुढचा भाग, आवळून सात मिलिमीटरची गोळी बसवलेली आहे. त्याच कुळातले .२४३ विंचेस्टर, १९५५ सालचे, धक्क्याला सर्वांत सौम्य आहे आणि हरीण पाडायला पुरेसेही आहे, परंतु त्याची गोळी हलकी असल्याने कोन जरासा तिरका झाला किंवा खांद्याचे हाड आडवे आले तर चुकीला वाव फार थोडा उरतो. १९०६ सालचे .३०-०६ स्प्रिंगफील्ड आजही कोणत्याही गावातल्या दुकानात मिळते. तथापि ते ७ एमएम-०८हून बराच जास्त धक्का देते. ६.५ क्रीडमूरची सध्या चलती आहे आणि ते उत्तम काडतूस आहे, मात्र त्याची खरी करामत लांब पल्ल्यावर दिसते, आणि तेवढा पल्ला या रानात क्वचितच मिळतो. ७ एमएम-०८ची उणीव एकच, पण ती खरी आहे: छोट्या दुकानांत .३०८ची खोकी रचलेली असतात आणि याचे मात्र एखादेच खोके, तेही हव्या त्या गोळीचे नसते. म्हणून हंगामापूर्वीच एकाच जातीची पुरेशी खोकी घेऊन ठेवावीत आणि नेमही त्याच काडतुसावर बसवून घ्यावा.

काडतुसाच्या नावाइतकेच महत्त्व गोळीच्या बांधणीला आहे, आणि दुकानात याविषयी फारसे कोणी बोलत नाही. या अंतरांवर शिशाच्या गाभ्याची साधी मऊ टोकाची गोळी आपले काम चोख करते. १९४८पासून विकली जाणारी नॉस्लर पार्टिशन मधल्या पडद्यामुळे मागचा अर्धा भाग शाबूत ठेवून खोल जाते. पण ती महाग आहे आणि एवढ्याशा हरणासाठी तिची गरज नाही. शिशाचे बारीक कण मात्र जखमेच्या बऱ्याच भोवताली मांसात पसरतात, आणि ते मांस घरातली लहान मुले खाणार असतील तर पूर्ण तांब्याची १२० ग्रेनची गोळी घेणे मी अधिक योग्य समजतो. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे.

आता रायफल. टिक्का टी३एक्स लाइट ही फिनलंडमधील रीहिमाकी येथे साको कंपनी बनवते. वजन सुमारे २.९ किलो, दुर्बीण बसवल्यावर ते साडेतीन किलोच्या घरात जाते, जे दिवसभर टेकडी चढणाऱ्याला सुखाचे आहे आणि नेमबाजीच्या मैदानावर बसून बार काढणाऱ्याला थोडे कमीच वाटते. शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका इंचात पडतील, अशी कारखान्याची हमी आहे, आणि सरासरी शिकाऱ्याचा हात त्याहून कच्चा असतो. तिचे खरे वैभव बोल्टमध्ये, म्हणजे काडतूस नळीत भरण्या-काढण्यासाठी हाताने फिरवून मागेपुढे करायच्या दांड्यात, आहे: तो केवळ सत्तर अंशांत उघडतो, त्यामुळे जाड हातमोजा घातलेली बोटे दुर्बिणीला घासत नाहीत, आणि मागेपुढे करताना कुठेही अडखळत नाही. चापाचा दाब दोन ते चार पौंडांच्या दरम्यान ठेवता येतो. थंडीत बधिरलेल्या बोटांसाठी मी तो तीनच्या वर ठेवण्याचा सल्ला देईन.

तक्रारीही आहेत. सुरक्षा खटका लावला की बोल्टसुद्धा अडकतो, म्हणजे नळीतले काडतूस काढण्यासाठी खटका आधी मोकळा करावा लागतो. दिवस मावळल्यावर गारठलेल्या हातांनी रायफल रिकामी करताना हे मला अजिबात पटत नाही. तिच्याहून बरीच स्वस्त असलेल्या रुगर अमेरिकनमध्ये खटका लावलेला असतानाही बोल्ट उघडतो, आणि ज्याला हा मुद्दा निर्णायक वाटतो त्याने बेलाशक तीच घ्यावी. टिक्काच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या डबीत, तीनच काडतुसे मावतात, आणि जादा मॅगझिन विकत घ्यायचे म्हटले तर प्लास्टिकच्या एवढ्याशा डबीला मोजावी लागणारी किंमत खटकते. दस्ता कृत्रिम आहे. पोकळीत फोम भरलेला असला तरी फांदी घासली की आवाज होतोच. नेम धरण्याची उघडी साधने, म्हणजे लोखंडी माशी वगैरे, यावर नाहीत, तेव्हा दुर्बिणीचा खर्च आधीच धरावा. तीन ते नऊ पटींची साधी दुर्बीण पुरते. शंभर यार्डांवर गोळी नेमाच्या दीड-दोन इंच वर पडेल अशी दुर्बीण लावली की दोनशे यार्डांपर्यंत वेगळा हिशेब करावा लागत नाही.

खरेदीपूर्वी नियम पाहणे अनिवार्य आहे. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी, रायफल चालत नाही, त्यामुळे ही बोल्टची रायफल तेथे नियमात बसते, आणि हंगामात डोके, छाती व पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड दिसणे आवश्यक असते. शेजारच्या ओहायोत मात्र हरणासाठी रायफल न्यायची तर सरळ भिंतीचे, म्हणजे मान न आवळलेले, काडतूस लागते. तेथे राहणाऱ्याला मान आवळलेले ७ एमएम-०८ घेऊन काहीच उपयोग नाही, त्याने .४५० बुशमास्टर किंवा .३५० लेजंडकडे पाहावे. ग्रीन कार्डधारकाला पार्श्वभूमीची तपासणी होऊन रायफल घेता येते. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीला संघराज्य कायद्याने बंदूक व काडतुसे बाळगण्यास एरवी मनाई आहे आणि वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. म्हणून अशा वाचकांनी आधी शिकारीचे प्रशिक्षण आणि परवाना पुरा करावा, व मगच दुकानाची पायरी चढावी.