'कन्फर्म जोडी' म्हणून ॲक्सोलॉटल विकतायत, पैसे देऊ नका

कोपरखैरणेच्या एका दुकानातून ॲक्सोलॉटलची (टाकीत पाळतात तो बेडकासारखा उभयचर प्राणी) 'कन्फर्म ब्रीडिंग पेअर', म्हणजे खात्रीची नर-मादी जोडी, घेतली, १४,००० रुपये, जीपेवर. सुटं पिल्लू त्याच्याकडे ४,५०० ला होतं, म्हणजे नर-मादी ओळखून दिल्याचे वरचे ५,००० घेतले आणि आता दोन्ही नर निघालेत.

नराला मागच्या पायांमागे, शेपटीच्या मुळाशी खालून फुगीर गाठ असते. मादीचं तिथे बरंच सपाट, अंग मात्र भरलेलं. पण हे दिसतं वयात आल्यावर, साधारण वर्षाने, आणि मला दिलेली पिल्लं जेमतेम तीन इंचांची! टॉर्च मारून दाखवत होता, "हा बघा दादा नर, ही मादी", आणि मला दोन्ही सारखेच सपाट दिसत होते. तिथेच कळायला हवं होतं म्हणतात सगळे. अरे पण समोरचा रोज हाच धंदा करतो, एवढं ठासून सांगतोय, मी काय त्याच्याशी वाद घालणार? खोटं त्याने सांगितलं, डोळ्यात डोळे घालून. तीन-चार इंचांच्या पिल्लाची जोडी कोणी 'कन्फर्म' म्हणाला की सरळ बाहेर पडा.

पिल्लं मोठी झाली आणि परवा टाकीच्या तळाशी जेलीचे छोटे कोन चिकटलेले दिसले, टोकाला पांढरे. त्यात शुक्राणू असतात, ते नर सोडतो. मग दोघांनाही पारदर्शक डब्यात घेऊन खालून बघितलं, दोघांनाही गाठ, चांगली ठसठशीत. दुकानदार म्हणे जिवंत मालाची गॅरंटी नसते, आणि नंबर ब्लॉक. घरी अजून खरा आकडा सांगितलेला नाही, लाज वाटते.

पोलीस चौकीत गेलो तर "मासाच ना, दुसरा घ्या". मासा नाही हो तो! आमच्या भागातले पोलीस म्हणतात दुकान नवी मुंबईत, तिकडे जा, तिकडचे म्हणतात पैसे तुम्हीच पाठवलेत, हा व्यवहाराचा वाद, अर्ज घेतला पण पोच द्यायला तयार नाहीत, वर हसतात, १४,००० काय झाडाला लागतात का? पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बिलावर 'नर १, मादी १' लिहून घ्या, माझ्या बिलावर नुसतं 'पेट' आहे. हा प्राणी साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येतो, सरकारच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे कागदही आधी मागा. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पेमेंटचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट ब्लॉक व्हायच्या आधी काढा.