घाटातील गॅसवाहिनीवरची भूहालचाल निरीक्षण यंत्रणा : एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला सह्याद्री उतरणाऱ्या आमच्या गॅसवाहिनीच्या एका उतारावर जमिनीच्या हालचालीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा आम्ही गेल्या उन्हाळ्यात बसवली. एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा तिच्यावर काम केल्यावर हे लिहीत आहे, कारण खरेदीपूर्वी आम्हाला जे समजून घ्यायचे होते ते कोणत्याच माहितीपत्रकात नव्हते. यंत्रणेचे चार भाग आहेत : वाहिनीच्या पोलादावर थेट बसवलेले कंपन-तारेचे स्ट्रेन गेज (पोलाद किती ताणले किंवा आवळले गेले ते तारेच्या कंपनावरून मोजणारे), उतारात बोअर घेऊन कातळापर्यंत उतरवलेली इन्क्लिनोमीटरची नळी (जमीन कोणत्या खोलीवर किती सरकली ते दाखवणारी), भूजलाचा दाब मोजणारे पीझोमीटर आणि पुरवठादाराकडून ठरावीक काळाने येणारा उपग्रह-रडारचा अहवाल.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २०१४ मध्ये माळीणला, २०२१ मध्ये महाडजवळच्या तळियेला आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडीला जे घडले, तशी क्षणात कोसळणारी दरड ही यंत्रणा आधी ओळखून देईल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तिचा खरा उपयोग मंदगतीने सरकणाऱ्या जमिनीसाठी आहे. आमच्या उतारावर घट्ट कातळावर मुरूम आणि त्यावर तांबड्या मातीचा थर आहे; शिवाजीनगरला वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस होतो, तर घाटमाथ्यावर पाच हजारांच्याही वर जातो, आणि ते पाणी मुरमातून झिरपत कातळाशी येऊन अडते. तिथे दाब वाढला की वरचा थर हळूहळू खाली सरकू लागतो आणि त्यात पुरलेल्या वाहिनीला आपल्याबरोबर ओढतो. वरून पाहणाऱ्याला महिनोन्‌महिने काहीही दिसत नाही.

उपग्रहाच्या अहवालाविषयी थोडक्यात सांगतो. सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडारची तरंगलांबी सुमारे ५.६ सेंटीमीटर आहे. उघड्या कातळावर, रस्त्यांवर आणि इमारतींवर ती मिलिमीटरपर्यंतचे बदल टिपते, पण कारवी आणि झुडपांनी भरलेल्या घाटात जून ते सप्टेंबर या काळात, म्हणजे नेमकी गरज असताना, तिचा संकेत विस्कळीत होतो. त्यातच हे उपग्रह उत्तर-दक्षिण फिरत बाजूला पाहत असल्यामुळे त्याच दिशेने होणारे सरकणे त्यांना जवळजवळ दिसत नाही. पुरवठादाराने विक्रीच्या वेळी दाखवलेली सुंदर रंगीत चित्रे उघड्या, कोरड्या प्रदेशातली होती, आणि हे त्यांनी आपणहून सांगायला हवे होते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या निसार उपग्रहाच्या एल-बँड रडारची तरंगलांबी २४ सेंटीमीटर आहे आणि ती झाडोऱ्यातून अधिक चांगली आरपार जाते, त्यामुळे या बाजूकडून पुढे आशा ठेवायला जागा आहे. आजच्या घडीला मात्र मी केवळ उपग्रहावर विसंबून घाटातील वाहिनी सुरक्षित आहे असे लिहून देणार नाही.

स्ट्रेन गेज मात्र पैसे वसूल करून देतात. प्रत्येक ठिकाणी वाहिनीच्या परिघावर एकमेकांपासून १२० अंशांवर तीन गेज असतात : एक माथ्यावर, एक दरीच्या बाजूला आणि एक डोंगराच्या बाजूला. तिन्ही आकडे एकत्र वर-खाली झाले तर वाहिनी लांबीच्या दिशेने ताणली (ताण) किंवा आवळली (दाब) जात आहे असे समजायचे. ते एकमेकांपासून फाकले तर वाहिनी वाकते आहे. हे वाचायला सोपे आहे, पण त्यात एक मोठा खाचखळगा आहे. पुरलेल्या वाहिनीला आकुंचन पावायला वाव नसतो, त्यामुळे पोलादाचे तापमान दहा अंशांनी उतरले तर सुमारे ११७ मायक्रोस्ट्रेनइतका (एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे लांबीतला दहा लाखांत एक भाग बदल) ताण जमीन तसूभरही न हलता निर्माण होतो. गॅसचा दाब बदलला तरी लांबीच्या दिशेचा ताण बदलतो. म्हणून गेजशेजारचे तापमान आणि वाहिनीतील दाब या दोन्ही नोंदी त्याच आलेखावर नसतील, तर पहिल्या थंड सरीबरोबर सगळ्या ठिकाणांहून इशारे येऊ लागतात. आमच्याकडे जूनमध्ये नेमके तेच झाले, कारण पुरवठादाराने सर्व गेजना एकच ठोक मर्यादा घालून दिली होती.

जुलैच्या मध्यात मात्र उताराच्या मधल्या ठिकाणी वेगळे चित्र दिसू लागले. माथ्यावरचा गेज स्थिर होता, दरीच्या बाजूचा ताणाकडे आणि डोंगराच्या बाजूचा जवळपास तेवढाच दाबाकडे सरकत होता. वाहिनी आडवी, दरीकडे फुगत होती. पीझोमीटरमधला दाब त्याआधी दोन दिवस चढत होता आणि इन्क्लिनोमीटरने मुरूम व कातळ यांच्या सांध्यावर स्पष्ट घसरण दाखवली. त्याच सुमारास आमच्या गस्तीवरच्या काकांनी फोन करून सांगितले, "साहेब, भाताच्या बांधाखालून नवा पाझर फुटलाय, पाणी गढूळ येतंय." चार उपकरणांपेक्षा हे एक वाक्य मला कमी मोलाचे वाटत नाही, कुठे चर खणायचा हे त्यावरूनच ठरले. वरच्या अंगाला चर काढून पाणी ओढ्याकडे वळवल्यावर पीझोमीटर उतरला आणि पाठोपाठ गेजची चालही मंदावली. आकडा धोक्याच्या पातळीपासून दूर होता. वाहिन्यांसाठीचे एक्स-६५ दर्जाचे पोलाद किमान ४४८ मेगापास्कलच्या ताणापर्यंत, म्हणजे साधारण २,२०० मायक्रोस्ट्रेनपर्यंत, कायमचे न वाकता तग धरते.

पण खरी शिकवण दिवाळीनंतर मिळाली. जमीन वाळल्यावर गॅसचा दाब कमी करून आम्ही त्या टप्प्यातली माती टप्प्याटप्प्याने काढली, जेणेकरून वाहिनीत साठलेला ताण मोकळा व्हावा. माती उकरली जात असताना गेजचे आकडे खाली येऊ लागले, शून्यापाशी पोहोचले आणि तिथे न थांबता उलट बाजूला गेले. याचा अर्थ असा, की आम्ही यंत्रणा बसवली त्या दिवशीच वाहिनीत आधीच्या कित्येक पावसाळ्यांचा वाक साठलेला होता, आणि गेजने त्यालाच शून्य मानले होते. गेज केवळ बसवल्यानंतरचा बदल मोजतो. आधीचे ओझे त्याला ठाऊक नसते. पावसाळ्यात आम्ही ज्या आकड्याकडे पाहून निश्चिंत होत होतो, त्यात ही आधीची रक्कम मिळवायला हवी होती, आणि हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असायला हवे. जडत्वमापक बसवलेला पिग, म्हणजे वाहिनीच्या आतून सरकत जाणारे तपासणी यंत्र, फिरवून तिचा वाक आधी काढून घेणे हा दुसरा मार्ग आहे. ज्यांना खोदकाम शक्य नाही त्यांनी तो टाळू नये.

देखभालीच्या तक्रारी आहेत, पण त्या किरकोळ आहेत. पावसाळ्यात सौर पॅनेलला आठवडा-आठवडा ऊन मिळत नाही, म्हणून बॅटरी दिली त्याहून मोठी लागते. दरीत मोबाइलची रेंज तुटते, तेव्हा लॉगरने (उपकरणांचे आकडे नोंदवणाऱ्या यंत्राने) नोंदी स्वतःजवळ साठवल्या पाहिजेत; आमचा तसे करतो. कच्चा डेटा मिळवण्यासाठी मात्र पुरवठादाराशी बराच पत्रव्यवहार करावा लागला, आणि त्याच्याशिवाय वरचे एकही निदान शक्य झाले नसते. निविदेत कच्च्या डेटाची अट जरूर घालावी.

येत्या पावसाळ्यापूर्वी शेजारच्या उतारावरही हीच यंत्रणा बसवत आहोत. उपग्रहाचा अहवाल या वेळी घेतलेला नाही. ते पैसे जादा पीझोमीटर आणि चरांसाठी वळवले आहेत. गेज बसवताना वाहिनी उघडी असेल, तेव्हाच आधी तिचा ताण मोकळा करायचा आणि मगच शून्य धरायचे, असे कामाच्या आदेशात लिहून घेतले आहे.